डेनाली दिसावा म्हणून

(दहावी १९९५ च्या स्नेहसंमेलनात, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आपले सर, बाई, आणि मटकीची उसळ आणि जिलबी पचवत अजून जागे असलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातले बदलते प्रवाह’ असा विषय दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला. प्रवाह बदलतायत, ते तुमची मुलं तुम्हाला घरी सांगतातच. मला ज्यावर बोलायचंय त्यात आपल्या सगळ्यांचे पैसे अडकणार आहेत.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले चार महिने ‘पन्नाशी अलास्कात’ हे चाललंय. एकवीस जणांनी होकार दिलाय. काल संध्याकाळी त्यात बाविसावं नाव आलं, आपल्या भूगोलाच्या बाईंचं. बाई म्हणाल्या, “नकाशात ज्या ठिकाणी पट्टी ठेवून तुम्हाला शिकवलं, ते एखादं ठिकाण तरी डोळ्यांनी बघू दे.” तोपर्यंत मी हे सगळं थोडं गमतीत घेत होते. आता नाही घेता येणार. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुर करतात, आणि हा प्रवास त्या दोनदा करणार नाहीत. खरं म्हणजे आपल्यातलेही बरेच जण दोनदा करणार नाहीत. व्हिसा, विमान, तिथला खर्च, सगळं धरलं तर मुलांच्या फीच्या वर्षात हा खर्च म्हणजे चेष्टा नाही.

ग्रुपवर एका टूर कंपनीचं आठ दिवसांचं पॅकेज आलंय. ॲडव्हान्स या महिनाअखेरपर्यंत भरायचाय. पहिल्याच पानावर निळं तळं आणि त्यात पडलेलं डेनालीचं पांढरंशुभ्र प्रतिबिंब. मी गेली अठरा वर्षं सिॲटलला राहते, तिथून अँकरेज साडेतीन तासांच्या विमानावर. त्यामुळे प्रत्येकानं मला वेगवेगळं फोन करून एकच प्रश्न विचारला, “दिसतो ना गं तो?”

बहुतेक दिवशी नाही दिसत. उन्हाळ्यात साधारण तीन दिवसांतून एक दिवस दिसतो. तिथे जाणाऱ्या सगळ्यांना ‘तीस टक्के’ हा आकडा तोंडपाठ असतो, आणि ज्यांना दिसतो ते ‘थर्टी पर्सेंट क्लब’ लिहिलेला टीशर्ट विकत घेऊन फिरतात. मी तीनदा जाऊन आलेय. २०१६ मध्ये तीन दिवस होते, एकदाही दिसला नाही. २०१९ मध्ये पाच दिवसांत दोनदा, २०२३ मध्ये चार दिवसांत दोनदा. बारा दिवसांत चार. म्हणजे माझी वहीसुद्धा तेच सांगते.

आता हा एवढा मोठा डोंगर लपतो कसा? उंची २०,३१० फूट, म्हणजे ६,१९० मीटर, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. एव्हरेस्टपेक्षा पुष्कळ कमी, बरोबर. पण एव्हरेस्ट मुळातच उंच पठारावर उभा आहे. डेनाली जवळजवळ सपाटीवरून उठतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ५,५०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर जागा उरते. एवढी भिंत समुद्राच्या वाऱ्याच्या वाटेत उभी केली की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती आठवा. डावीकडे समुद्र, मध्ये सह्याद्री, उजवीकडे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असं लिहून त्याखाली दोन रेघा. महाबळेश्वरात धो धो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर.

तिथेही तेच आहे. दक्षिणेला अलास्काचं आखात. तिथून ओलसर वारा येतो, अलास्का रेंजला थटतो, वर चढतो, थंड होतो, ढग होतात. दक्षिणेच्या बाजूचं टॉकीटना हे गाव भिजतं. उत्तरेला, जिथे नॅशनल पार्कचं मुख्यालय आहे, तिथे वर्षभरात सुमारे पंधरा इंच पाऊस-बर्फ मिळून पडतं, टॉकीटनाच्या साधारण निम्मं. फरक एवढाच की डेनाली सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच आहे. त्यामुळे खाली ऊन असलं तरी वर त्याचा स्वतःचा वेगळा कारभार चालू असतो. तिथले लोक म्हणतातच, हा पर्वत आपलं हवामान आपणच तयार करतो. म्हणून हॉटेलच्या गावाचा अंदाज मोबाइलवर बघून ‘आज स्वच्छ आहे’ म्हणू नका. तो अंदाज दरीचा असतो, शिखराचा नाही. पावसाळ्यात साताऱ्यात ऊन पडलेलं असताना यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो की समोरचा माणूस दिसत नाही, तसंच ते.

आता तुमच्या परवानगीनं थोडं गणित. नोकरीतलं खोड आहे, सुटत नाही. एका दिवशी दिसायची शक्यता तीस टक्के, म्हणजे न दिसायची सत्तर. दोन दिवस राहिलात तर दोन्ही दिवस न दिसायची शक्यता एकोणपन्नास टक्के. तीन दिवस, चौतीस. सहा दिवस, बारा. म्हणजे एका दिवसाचं पॅकेज घेणारा तीनदा नाणं टाकून एकदा जिंकणारा, आणि सहा दिवस देणारा बहुधा बघून येणारा. पण या हिशेबात एक गृहीत लपलंय. रोजचा दिवस स्वतंत्र आहे, कालचा आजशी संबंध नाही, असं आपण धरलं. हवामान असं नसतं. आखातावरून एकदा ढगांची रांग लागली की चार-पाच दिवस लागून राहते. माझे २०१६ चे तीन दिवस तसेच एका रांगेत गेले. सलग सहा दिवस एकाच ठिकाणी बसलात तर न दिसायची शक्यता बारापेक्षा जास्तच असते. त्याला उपाय एक, दिवस वाढवणं. दुसरा, ते पर्वताच्या दोन बाजूंना वाटून देणं. दक्षिणेकडून वारा असला की ढग त्या बाजूला साचतात आणि उत्तरेला कधीकधी उघडीप मिळते. वारा फिरला की उलटं. दरवेळी असंच घडतं असं नाही, पण दोन खिडक्या एका खिडकीपेक्षा बऱ्या.

म्हणून मी पॅकेजवर एवढी नाराज आहे. त्यात आठ दिवसांपैकी डेनालीच्या वाट्याला किती आले माहितीये? पाचव्या दिवशी संध्याकाळी पार्कच्या दाराशी हॉटेलमध्ये पोहोचायचं, सहाव्या दिवशी सकाळी बसची एक छोटी फेरी, दुपारी जेवून पुढे. बाकी सगळं जहाज, खरेदी आणि ‘स्थानिक संस्कृतीचं दर्शन’. आणि पार्कच्या दाराशी जी हॉटेलं आहेत, तिथून डेनाली दिसतच नाही. जवळचे डोंगर आड येतात. आकाश निरभ्र असलं तरी नाही. म्हणजे एक सकाळ. तीही ऑगस्टमध्ये. जुलै-ऑगस्ट हे तिथले सर्वांत ओले महिने.

आणि ते तळ्यातलं प्रतिबिंब. ती जागा वंडर लेकच्या जवळची आहे, पार्कच्या रस्त्यावर ८५ व्या मैलाच्या आसपास. पूर्ण रस्ता ९२ मैलांचा. पण २०२१ च्या ऑगस्टपासून बस ४३ व्या मैलाच्या पुढे जात नाही. प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगराचा उतार रस्त्यासकट खाली सरकतोय. नाव प्रिटी, काम हे असं. खालची वर्षानुवर्षं गोठलेली जमीन वितळायला लागलीय. पूर्वी तो उतार वर्षाला काही इंच सरकायचा, दरवर्षी डागडुजी करून भागायचं. मग महिन्याला इंच झाले, मग आठवड्याला, मग दिवसाला, आणि २०२१ मध्ये तासाला अर्ध्या इंचाहून जास्त. त्यावर आता पूल बांधायचं काम हाती घेतलंय. आपण निघेपर्यंत काय स्थिती असेल ते पार्कच्या संकेतस्थळावर बघायचं, टूर कंपनीच्या माहितीपत्रकावर नाही. माहितीपत्रक छापणाऱ्यानं फोटो बदललेला नाही, याचा अर्थ तुम्ही काढा.

मी २०१६ ला आणि २०१९ ला त्या पुढच्या रस्त्यानं गेलेय, तो बंद आहे याचं मला वाईट वाटतं. पण बंद रस्त्यामुळे डेनाली बंद झालेला नाही. उत्तरेकडून, म्हणजे पार्कच्या रस्त्यावरून, नवव्या-दहाव्या मैलापाशी तो पहिल्यांदा दिसतो. सत्तर मैलांच्या आसपास अंतर असतं, तरी दिसला की ओळख सांगावी लागत नाही. पंधराव्या मैलापर्यंत, सॅव्हेज नदीपर्यंत, आपली भाड्याची गाडी नेता येते. त्यापुढे पार्कची बस. दक्षिणेकडून अँकरेज-फेअरबँक्स हमरस्त्यावर, ज्याला पार्क्स हायवे म्हणतात, १३५ व्या मैलाला ‘डेनाली व्ह्यूपॉइंट साउथ’ आहे आणि १६२ ला ‘नॉर्थ’. साउथवरून पर्वत चाळीसएक मैलांवर असतो आणि मला विचाराल तर मोटारीनं जाता येणाऱ्या जागांमध्ये सध्या हीच सर्वांत चांगली. टॉकीटना गावात नदीच्या काठावर नुसतं चालत गेलं तरी समोर असतो. तो आहे की नाही हे बघायला गावातली माणसंसुद्धा सकाळी काठावर येतात. ‘द माउंटन इज आउट’, पर्वत बाहेर आलाय, असं म्हणतात. आमच्या सिॲटललाही माउंट रेनियरबद्दल अगदी हेच शब्द. ऑफिसात मीटिंग थांबवून खिडकीशी जातात.

नावाबद्दल एक. कोयुकॉन भाषेत त्या नावाचा अर्थ ‘उंच असलेला’. सरकारदरबारी तो जवळजवळ शंभर वर्षं माउंट मॅकिन्ली होता, २०१५ मध्ये डेनाली झाला, २०२५ च्या जानेवारीत परत मॅकिन्ली. पार्कचं नाव मात्र डेनालीच आहे. नकाशात दोन्ही नावं दिसली तर दोन पर्वत समजू नका. मी डेनालीच म्हणते.

तर माझा पर्याय. जूनचा पहिला पंधरवडा. त्या वेळी पाऊस जुलै-ऑगस्टपेक्षा कमी, डोंगरांवर बर्फ शिल्लक, आणि डासांची पलटण अजून पुरती उतरलेली नसते. जूनच्या शेवटी आणि जुलैत अलास्कातले डास म्हणजे आपल्याकडचे लाजतील. ऑगस्टच्या शेवटी टुंड्रा लालभडक होतो, ते रंग अप्रतिम असतात हे मी नाकारत नाही, पण आपण पर्वतासाठी चाललोय. ज्यांच्या मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते त्यांना अडचण आहे, कळतं. पण पन्नाशीची सहल मुलांची नाही.

अँकरेजला एक रात्र, टॉकीटनाला तीन, पार्कपाशी तीन, परतीत पुन्हा जमली तर टॉकीटनाला एक. अँकरेज ते पार्क साधारण २४० मैल, चार-पाच तास, टॉकीटना वाटेत थोडं आत. दिवसाचा कार्यक्रम कोरा ठेवायचा. हे आपल्या लोकांना फार जड जातं. नऊला नाश्ता, दहाला हे, अकराला ते, असं नसेल तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. तिथे कोरा दिवस हाच कार्यक्रम.

वेळ कोणती? पहाट आणि रात्र. जूनमध्ये तिथे वीस तासांहून जास्त वेळ सूर्य वर असतो, रात्री अकरालासुद्धा वर्तमानपत्र वाचता येतं. दिवस तापायला लागला की दुपारी कापसासारखे ढग उठतात आणि शिखर झाकतात. म्हणून पहाटे चार ते आठ, आणि रात्री नऊनंतर. शिवाय उत्तरेच्या बाजूनं बघताना पर्वत नैर्ऋत्येला असतो. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, उजेड थेट बर्फावर. जूनच्या रात्री सूर्य वायव्येला कलतो, तेव्हा तीच बाजू गुलाबी होते. दुपारी दिसला तरी फिका, सपाट दिसतो. टॉकीटनाच्या हॉटेलवाल्याला पहिल्याच रात्री सांगून ठेवा, पर्वत दिसला तर कितीही वाजता उठवा. आणि उठा. “अजून पाच मिनिटं” म्हणणाऱ्याला मी ओढत नेणार नाही.

निघायच्या आधी ढग बघायला एक उत्तम सोय आहे. अमेरिकेच्या नागरी विमान खात्यानं वैमानिकांसाठी अलास्काभर हवामानाचे कॅमेरे लावलेत, टॉकीटनालाही आहे, आणि ती छायाचित्रं कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. शेजारी त्याच जागेचं निरभ्र दिवसाचं चित्र असतं, ताडून बघायला. अंदाज सांगणाऱ्या दहा ॲपपेक्षा मी त्या एका छायाचित्रावर जास्त विश्वास ठेवते.

आणि बघताना नजर वर ठेवा. हे ऐकायला विचित्र वाटेल. पहिल्यांदा जाणारे लोक समोरच्या करड्या डोंगरांकडे बोट दाखवून ‘तो का?’ विचारतात, आणि त्याच्या कितीतरी वर, जिथे ढग असावा असं वाटतं, तिथे तो पांढरा ढग म्हणजेच डेनाली असतो. २०१९ ला माझ्या शेजारचं एक कुटुंब दहा मिनिटं भलत्याच डोंगराचे फोटो काढत होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांच्यातल्या आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. बोलले काहीच नाहीत.

खालून ढग असले तरी वर शिखर मोकळं असतं असं पुष्कळदा होतं. त्यासाठी टॉकीटनाहून छोटी विमानं जातात, काही हिमनदीवर उतरतात. महाग आहे. ज्यांना झेपेल त्यांनी पैसे तिथे खर्च करावेत, जहाजाच्या बाल्कनीवर नाही. फक्त हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतात का ते आधी विचारा, आणि आरक्षण पहिल्या दिवसाचं करा, म्हणजे रद्द झालं तर पुढे दोन दिवस हातात राहतात.

आता बाईंसाठी. बाई, उंचीचा त्रास होईल का असं तुम्ही काल विचारलंत. बस जाते त्या रस्त्याची उंची चार हजार फुटांच्या आतच राहते. महाबळेश्वर त्याहून उंच आहे. चालायची सक्ती कुठेच नाही. ४३ व्या मैलापर्यंत जाऊन यायला साडेचार-पाच तास लागतात, वाटेत थांबे आहेत, तिसाव्या मैलाजवळ तेक्लानिका नदीपाशी स्वच्छतागृह आहे. बस बघून तुम्हाला हसू येईल, अगदी शाळेच्या बससारखी दिसते. बसमध्ये खायला विकत मिळत नाही, दशम्या-चटणी बरोबर घ्यायची. कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे, वरून पावसाचं जाकीट. जूनमध्येही एखाद्या सकाळी बर्फ भुरभुरतं. सुती बनियन भिजलं की वाळत नाही, लोकरीचं घ्या.

आणि नाहीच दिसला तर? हे पार्क १९१७ मध्ये झालं ते पर्वतासाठी नव्हे, डॉल मेंढ्यांसाठी. शिकारी त्या पांढऱ्या रानमेंढ्या संपवत चालले होते. पहिल्या हद्दीत तर पर्वत पुरता बसलाही नव्हता. माझ्या २०१६ च्या तीन करड्या दिवसांत मी एक ग्रिझली अस्वलीण आणि तिची दोन पिल्लं पाऊण तास बघितली. बसमध्ये चाळीस माणसं, आणि आवाज फक्त पावसाचा. ते दुय्यम बक्षीस होतं असं मला आजही वाटत नाही. पण तुम्ही पर्वतासाठी पैसे भरताय, म्हणून मी पर्वताचं सांगितलं.

पॅकेजचा ॲडव्हान्स भरायचा की नाही ते आज चहानंतर हात वर करून ठरवू. माझ्या पर्यायाचा खर्च मी काढून आणलाय, तक्ता मागच्या टेबलावर आहे. पॅकेजपेक्षा थोडा स्वस्तच पडतो, कारण जहाज नाही. राहण्याचं आरक्षण मात्र आतापासून करावं लागेल, टॉकीटना लहान गाव आहे.

बसमध्ये जागांना नंबर नसतात, लवकर रांगेत उभं राहावं लागतं. पार्कात आत जाताना पर्वत डावीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला येतो, परतताना उजवीकडे. पुढून दुसरी, डावी खिडकी, ती बाईंची. रांगेत मी उभी राहते.